सागरी रस्त्याचा पर्यावरण अहवाल व्यापाऱ्याने का वाचावा?

मुंबईत आज जिकडे पाहावे तिकडे पत्रे ठोकलेले दिसतात. कुठे मेट्रो, कुठे उड्डाणपूल, कुठे जुन्या चाळींचा पुनर्विकास. बाजारात त्यावर चर्चा होते ती दोनच गोष्टींची. एक, जागेचा भाव किती चढेल आणि दुसरी, आपले दुकान कुठे जाईल. अशा मोठ्या कामांना हात घालण्यापूर्वी ‘पर्यावरण आघात मूल्यांकन’ नावाचा एक अहवाल तयार करावा लागतो. त्यात आपल्या धंद्याच्या नफा-नुकसानीची अनेक कलमे असतात, निदान असायला हवीत, याची व्यापारी वर्गाला फारशी खबर नसते. पर्यावरण म्हणजे झाडे, पक्षी आणि शाळकरी मुलांची प्रभात फेरी, अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हा अहवाल म्हणजे खतावणी आहे. प्रकल्पामुळे कोणाला काय मिळणार ते जमेच्या बाजूला आणि कोणाचे काय जाणार ते नावे बाजूला. पाणी किती लागेल, सांडपाणी कुठे जाईल, पावसाचे पाणी कोणत्या वाटेने वाहील, धूळ किती उडेल, आवाज किती होईल, गाड्या किती वाढतील, आसपास पोट भरणाऱ्या माणसांचे काय होईल, हे सर्व त्यात लिहायचे असते. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आपल्या देशात १९९४ साली अशा मूल्यांकनाची पहिली अधिसूचना निघाली. आज लागू आहे ती १४ सप्टेंबर २००६ ची. मधल्या काळात तिच्यात इतक्या दुरुस्त्या झाल्या आहेत की मूळ कापड कोणते आणि ठिगळ कोणते हे वकिलालाही चटकन सांगता येऊ नये. पण चौकट तीच आहे. प्रकल्प कोणत्या वर्गात बसतो ते आधी ठरते. मग अहवालात काय काय तपासायचे त्याची यादी ठरते. मग लोकांचे म्हणणे ऐकायचे, आणि शेवटी तज्ज्ञ समितीने सर्व कागद पाहून शिफारस करायची.

या खतावणीत एक मोठी खोट आहे, ती आधीच सांगून टाकतो. अहवाल तयार करणारा सल्लागार प्रकल्पवाल्यानेच नेमायचा असतो आणि त्याची फीही प्रकल्पवाल्यानेच द्यायची असते. सल्लागाराला सरकारमान्य मंडळाचे मान्यतापत्र लागते हे खरे. पण ज्या मिलचा माल, त्याच मिलच्या फोल्डिंग खात्याचा माणूस जेव्हा ताक्यावर ‘फ्रेश’चा शिक्का मारतो, तेव्हा आपण काय करतो? माल उचलण्यापूर्वी दोन-चार ताके स्वतः उलगडतो, पन्ना मोजतो, कापड उजेडात धरून पाहतो. मिलवाल्याला आपण चोर म्हणत नाही, फक्त शिक्क्यावर भरवसा ठेवून पैसे मोजत नाही. अहवालाच्या बाबतीत मात्र शिक्का मारला की आपण मोकळे.

याचे परिणाम काय होतात हे समजून घ्यायला मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याइतके चांगले उदाहरण नाही.

प्रिन्सेस स्ट्रीट ते वरळी

हा रस्ता कापड बाजाराच्या दाराशीच सुरू होतो. मरीन लाइन्सचा प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपूल हे त्याचे दक्षिणेकडील टोक. तिथून मंगलदास मार्केट आणि मूळजी जेठा मार्केट चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दुसरे टोक वांद्रे-वरळी सी-लिंकला मिळते. लांबी १०.५८ किलोमीटर. मलबार हिलखालून सुमारे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे, हाजी अलीजवळ चढण्या-उतरण्याच्या पुलांचे जाळे आणि बाकी समुद्रातील भराव. हा भराव सुरुवातीला सुमारे ९० हेक्टरचा होता, पुढे तो १११ हेक्टरवर गेला. खर्च सुमारे १४ हजार कोटी रुपये. पहिला टप्पा ११ मार्च २०२४ रोजी खुला झाला आणि जानेवारी २०२५ च्या अखेरीस सी-लिंकपर्यंत दोन्ही दिशांनी वाहतूक सुरू झाली.

जमेची बाजू महानगरपालिकेने पक्क्या आकड्यांत मांडली होती. वेळेची बचत ७० टक्के, इंधनाची बचत ३४ टक्के. रस्ता झाल्यावर ज्यांची गाडी वरळीहून मरीन ड्राइव्हला काही मिनिटांत पोहोचली त्यांना या आकड्यांविषयी तक्रार नाही. माझीही नाही. फायदा झाला तर झाला म्हणावे. प्रश्न नावे बाजूचा होता.

किनारा नियमनाची जी अधिसूचना २०११ साली निघाली, तिच्यानुसार अशा रस्त्यासाठी समुद्रात भराव घालता येत नव्हता. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने तिच्यात दुरुस्ती केली आणि अपवादात्मक बाब म्हणून वाट मोकळी केली. मग अहवाल झाला. जानेवारी २०१७ मध्ये राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाने शिफारस केली आणि मे २०१७ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने किनारा नियमनाखालील मंजुरी दिली. २००६ च्या अधिसूचनेखालील वेगळी पर्यावरण मंजुरी मात्र घेण्यात आली नाही. त्या अधिसूचनेच्या यादीत राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग आहेत, शहरातील रस्ता नाही, असा महापालिकेच्या बाजूचा युक्तिवाद होता.

कोळी बांधव, पर्यावरण संस्था आणि काही नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले. १६ जुलै २०१९ रोजी मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती नितीन जामदार यांच्या खंडपीठाने ती मंजुरी रद्द केली. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, एवढा मोठा भराव म्हणजे नुसता रस्ता नव्हे. तो क्षेत्र विकासाच्या वर्गात मोडतो, आणि ५० हेक्टर व त्यावरील क्षेत्र विकासाला २००६ च्या अधिसूचनेखाली मंजुरी लागतेच. वन्यजीव कायद्याखालील परवानगीही लागेल असे न्यायालयाने सांगितले आणि शास्त्रीय अभ्यासातील उणिवांवर बोट ठेवले. काम थांबले. पाच महिन्यांनी, १७ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. अट एवढीच की त्या जागेवर रस्ता सोडून दुसरे काही बांधू नये.

कायद्याचा बारकावा वकिलांसाठी सोडू. व्यापाऱ्याच्या डोळ्यात भरते ते हे पाच महिने. यंत्रे भाड्याची, मजूर पगारी, ठेकेदाराचे मीटर चालू आणि काम जागेवर उभे. बंद पडलेल्या मागाचे वीजबिल ज्याने भरले आहे त्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. आणि वाद कशावरून? तर प्रकल्प कोणत्या रकान्यात लिहायचा यावरून. जो सवाल सर्वांत आधी विचारायचा, तो सर्वांत शेवटी न्यायालयात विचारला गेला.

साठ मीटर की एकशेवीस?

या रस्त्याच्या कहाणीत मला सर्वांत बोलके वाटते ते वरळीच्या कोळ्यांचे प्रकरण. वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या समुद्रात जातात. तिथे पाण्याखाली खडक आहेत. त्यांच्यामधून जाण्याची वाट कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि ती वाट हवी तिथे हलवता येत नाही. नव्या रस्त्याला सी-लिंकशी जोडणारा पूल नेमका या वाटेवर येत होता. पुलाच्या दोन खांबांमधील अंतर ६० मीटर ठरवले होते.

कोळी म्हणाले, हे पुरत नाही. कागदावर ६० मीटर दिसत असले तरी खांबांची जाडी आणि त्यांच्याभोवतीचे संरक्षण वजा जाता प्रत्यक्ष वाट कमी उरते. वारा आणि पाण्याची ओढ होडीला आडवे रेटतात. एक होडी आत येत असते तेव्हाच दुसरी बाहेर जात असते. सी-लिंकच्या खांबांचा अनुभव त्यांच्यापुढे होताच. त्यांनी आधी २०० मीटर मागितले, पुढे १६० वर आले. महापालिकेने राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या अभिप्रायाचा आधार घेऊन ६० मीटर पुरेसे असल्याचे सांगितले.

कापडाच्या धंद्यातील माणसाला हे भांडण लगेच समजेल. बिलावर पन्ना ४४ इंच लिहिलेला असतो, पण दोन्ही किनारी सोडल्या की कटिंग टेबलावर तेवढा मिळत नाही आणि शर्टाचा हिशेब चुकतो. बिलाचा पन्ना वेगळा आणि कटिंगचा वेगळा, हे कातरणाऱ्याला कळते, बिल फाडणाऱ्याला कळतेच असे नाही. इथे कातर कोळ्याच्या हातात होती.

वाद काही वर्षे चालला. कोळ्यांनी होड्या समुद्रात नेऊन काम अडवले. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने मान्य केले की एक खांब कमी करायचा आणि अंतर १२० मीटर करायचे. आराखडा बदलावा लागला. तिथे धनुष्याच्या आकाराच्या मोठ्या लोखंडी कमानी बसल्या आणि सी-लिंकशी पहिली जोडणी व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला.

६० चे १२० करणे हे २०१६ साली, अहवाल तयार होत असताना, पेन्सिल आणि रबराचे काम होते. २०२२ मध्ये ते लोखंडाचे, पैशाचे आणि वेळेचे काम झाले. बंदरावर जाऊन चार नाखवांना विचारले असते तर हा मुद्दा एका सकाळी मिळाला असता. कोळ्यांनी काही नवे शास्त्र सांगितले नव्हते. रोजच्या धंद्यातील एक माप सांगितले होते.

प्रवाळांचेही असेच. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मंजुरी मिळून, काम सुरू होऊन, न्यायालयाची फेरी झाल्यावर २०२० च्या अखेरीस १८ वसाहती उचलून दुसरीकडे बसवण्यात आल्या. खडकावरच्या या जिवांची मोजणी खरे तर पहिल्या पानावर हवी होती.

टेम्पोचे काय झाले?

आता थोडे आपल्या घरचे. मार्च २०२४ मध्ये रस्ता सुरू करताना वाहतूक पोलिसांनी जो आदेश काढला त्यात अवजड वाहने, मालवाहू वाहने, दुचाकी, तीनचाकी आणि सायकली यांना या रस्त्यावर बंदी घातली. म्हणजे भिवंडीहून कापडाच्या गाठी घेऊन येणारा आपला टेम्पो ज्या रस्त्याने येत होता त्याच रस्त्याने येणार. दुकानातला पोरगा मोटारसायकलवर सँपल घेऊन जातो, तोही जुन्याच रस्त्याने जाणार. ७० टक्के वेळेची बचत ज्यांना मोटार आहे त्यांच्यासाठी.

मोटारी वरच्या रस्त्याने गेल्या की खालचे रस्ते मोकळे होतात आणि त्याचा लाभ टेम्पोलाही मिळतो, असा युक्तिवाद आहे. तो अगदीच खोटा नाही. मुद्दा असा की, लाभ कोणाला, किती आणि कोणत्या मार्गाने, हे अहवाल तयार होत असतानाच विचारायचे होते. बाजारात ज्यांना ज्यांना मी विचारले त्यांतील एकानेही तो अहवाल पाहिलेला नव्हता. कोळ्यांकडे निदान होड्या होत्या, त्या घेऊन ते आडवे गेले. आपण हातगाडी घेऊन कोणाला आडवे जाणार?

पाणी आपली वाट विसरत नाही

नावे बाजूचे जे कलम वहीत लिहिले जात नाही ते माफ होत नाही, ते दुसऱ्याच्या खात्यावर पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इतका पाऊस कोणत्याही शहराला झेपणारा नव्हता, हे मान्य. पण कुर्ला, कलिना भागात जे पाणी चढले त्याला मिठी नदीची अवस्थाही जबाबदार होती. नदीच्या पात्रात आणि खाडीत वर्षानुवर्षे भराव पडत गेला, वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, विमानतळाखाली नदी वळवली गेली, काठावर झोपड्या आणि कारखाने आले. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००६ साली या सर्वांचा तपशीलवार अहवाल दिला. शहराची जुनी गटारे तासाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताची होती. ती दुप्पट करण्याची योजना १९९३ पासून कागदावर होती.

त्या दिवशी ज्यांची गोदामे भिजली त्यांना माहीत आहे की ग्रे कापड एक वेळ धुऊन, प्रोसेसला टाकून थोडेफार वाचवता येते. छापील माल आणि रेडीमेड वाचत नाही. रंग एकमेकांत उतरतात, घडीच्या आत बुरशी धरते, मालाला वास सुटतो आणि मग तो चिंधीच्या भावाने जातो. भिवंडीत कामवारी नदीचे पाणी तीन बत्ती आणि भाजी मार्केटच्या दुकानांत पावसाळ्यात शिरते तेव्हा हीच कथा लहान प्रमाणात घडते. नदीकाठी भराव घालून गोदाम बांधणारा एक असतो, पाणी काढणारा दुसरा असतो.

आपल्याच व्यवसायाने दुसऱ्याच्या नावे कलम टाकले तर काय होते तेही सांगितले पाहिजे, नाहीतर लेख एकतर्फी होईल. तामिळनाडूतील तिरुपूर हे होजिअरीचे मोठे केंद्र. तिथल्या डाईंग आणि ब्लीचिंग कारखान्यांचे खारे, रंगीत पाणी नोय्यल नदीत जात राहिले. खाली ओरत्तुपाळयम येथे शेतीसाठी १९९२ साली धरण झाले होते, त्यात हेच पाणी साठले आणि शेतकऱ्यांनी ते धरण नको म्हणायची वेळ आली. २८ जानेवारी २०११ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने हे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. शेकडो कारखाने एकदम बंद. निर्यातीच्या ऑर्डरी अडकल्या, कामगार गावी परतले, आणि ज्या व्यापाऱ्याने नदी कधी पाहिलीही नव्हती त्याचाही माल अडकला. शुद्धीकरणाचा जो खर्च आधी टाळला होता, तोच नंतर सक्तीने करावा लागला.

बाजाराचा पुनर्विकास आणि आपण

आता जी बाब आपल्या उंबरठ्यावर आहे तिच्याकडे येतो. दक्षिण मुंबईतील जुने बाजार समूह पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. भेंडी बाजारचे काम सर्वांना माहीत आहे. साडेसोळा एकर, सुमारे २५० जुन्या इमारती, ३२०० कुटुंबे, १२५० दुकाने. असेच प्रस्ताव लहान-मोठ्या प्रमाणात इतरत्रही येत राहणार. या कामांना पर्यावरण मंजुरीचा नियम असा आहे. बांधकाम क्षेत्र २० हजार चौरस मीटरपासून दीड लाखाच्या आत असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, पण संपूर्ण अहवाल लागत नाही, ठरावीक अर्ज आणि आराखडा यांवर काम भागते. दीड लाख चौरस मीटर आणि त्यावर, किंवा क्षेत्र ५० हेक्टर आणि त्यावर असेल तर संपूर्ण अहवाल लागतो.

आणि आता महत्त्वाची गोष्ट. कारखाना, खाण किंवा बंदर असेल तर जिल्हा प्रशासनाच्या देखरेखीखाली जनसुनावणी होते, तिची किमान ३० दिवसांची नोटीस निघते, लोक उभे राहून बोलतात आणि त्याची नोंद होते. बांधकाम आणि क्षेत्र विकास प्रकल्पांना या सुनावणीतून २००६ च्या अधिसूचनेनेच सूट दिली आहे. म्हणजे ज्या प्रकल्पाने आपले दुकान, आपला रस्ता आणि आपले गटार बदलणार, त्याविषयी आपल्याला कोणी बोलवणार नाही. कागद आपणच शोधायचा. अर्ज, अहवाल, समितीच्या बैठकांची इतिवृत्ते, सर्व काही केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ व्यवस्थेवर ठेवले जाते. ते काढून देणारा एखादा तरुण प्रत्येक मार्केटात सापडतो.

अडचण भाषेची. मी उर्दू शाळेत शिकलो, मराठी बाजारात शिकलो आणि इंग्रजी बिल-चलनापुरती आली. तीनशे-चारशे पानांचा इंग्रजी अहवाल माझ्यासारख्याने वाचायचा कसा? जिथे जनसुनावणी आहे तिथे अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देणे बंधनकारक आहे. बांधकामाला सुनावणीच नाही, तेव्हा सारांशाचीही सोय नाही. २०२० साली केंद्राने नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला, त्यात नोटिशीची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणण्याचे होते. तो मसुदाही मुख्यतः इंग्रजी-हिंदीतच होता. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत द्यायला सांगितले. लाखो हरकती गेल्या आणि तो मसुदा पुढे सरकला नाही. आपण लिहिलेल्या हरकतीचा उपयोग होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

अहवाल हातात आला तर सर्व पाने वाचायची गरज नाही. माझ्या मते दुकानदाराने चार ठिकाणी बोट ठेवावे. पहिले, पावसाचे पाणी. नवा पाया आणि जोते उंच झाले की शेजारच्या जुन्या गल्लीत पाणी उतरते. नवे गटार कोणत्या जुन्या गटाराला मिळते आणि त्याची ताकद किती, हे लिहिलेले असायलाच हवे. दुसरे, वाहतूक. बहुतेक अहवालांत मोटारींचे पार्किंग मोजलेले असते. हातगाडी, टेम्पो, माल उतरवण्याची वेळ आणि जागा मोजली आहे का ते पाहावे. घाऊक बाजारात हीच खरी वाहतूक. तिसरे, काम चालू असतानाची मुदत. इमारत पूर्ण झाल्यावरचे चित्र सुंदरच असते. मधली पाच-सात वर्षे गिऱ्हाईक कोणत्या दाराने येणार, हे चित्रात नसते.

चौथे म्हणजे धूळ, आणि याविषयी थोडे जास्त लिहितो, कारण कापडवाल्याइतका धुळीचा मार दुसऱ्या कोणाला बसत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या गोदामाशेजारी एका बिल्डरचे तोडकाम चालू होते. पडदा लावलेला, पण दोन मजल्यांपुरता, आणि तोडायचे मजले होते पाच. मलमल आणि पांढरी पॉपलिन प्लास्टिकमध्ये बांधून ठेवली तरी घडीच्या कडेला करडी रेघ धरायची. गिऱ्हाईक ताका उघडून ती रेघ पाहतो, काही बोलत नाही, फक्त मीटरमागे दोन-तीन रुपये कमी सांगतो. त्या हंगामाचा बट्टा कोणत्याही अहवालात आला नाही. तक्रार केली तेव्हा सांगण्यात आले की हवेची मोजणी मर्यादेत आहे. मर्यादा म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी २४ तासांच्या सरासरीने घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. ही मर्यादा माणसाच्या फुप्फुसासाठी आहे, पांढऱ्या कापडासाठी नाही. आणि फुप्फुसाच्या हिशेबानेही मुंबईत हिवाळ्यात ती अनेकदा ओलांडली जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी धुळीची नियमावली काढली. उंच पत्रे, ओले कापड किंवा हिरवी जाळी, पाण्याची फवारणी, राडारोड्याच्या गाड्यांवर ताडपत्री. नियम चांगले आहेत. हे नियम मंजुरीपत्राच्या अटींत आकड्यांसकट लिहून घेतले तर नंतर बोलायला जागा राहते.

मंजुरी आधी की बांधकाम आधी, यावरही सध्या बरीच उलटापालट झाली आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी बांधून मग मंजुरी घेण्याचा प्रकार बंद केला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला. दुकान किंवा गाळा आगाऊ पैसे देऊन घेणाऱ्याने म्हणूनच प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी आहे का, कोणत्या तारखेची आहे, हे बयाणा देण्यापूर्वी विचारावे. सात-बारा पाहतो, मालमत्ता पत्रक पाहतो, मग हाच कागद का नाही?

मंजुरी मिळाल्यावर प्रकल्पवाल्याने सात दिवसांच्या आत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत तशी जाहिरात द्यायची असते, त्यातील एक स्थानिक भाषेतील. ती सहसा आतल्या पानावर, बारीक टाईपात, नाव बदलण्याच्या आणि हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटच्या जाहिरातींच्या शेजारी असते. राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करायला ३० दिवसांची मुदत असते. सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवस मिळतात, त्यानंतर एकही नाही. पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे.

अपीलापर्यंत जाण्याची वेळ प्रत्येकावर येत नाही. त्याहून सोपी गोष्ट म्हणजे सहामाही अहवाल. मंजुरीच्या अटी कशा पाळल्या हे प्रकल्पवाल्याने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला लिहून कळवायचे असते आणि तो कागद कोणालाही पाहता येतो. मार्केटच्या असोसिएशनने तो मागवावा आणि धुळीच्या आकड्यापूर्वी मोजणीची जागा पाहावी. यंत्र दुकानांच्या बाजूला ठेवले होते की प्रकल्पाच्या मागच्या गेटाच्या आत, तोडकामाच्या दिवशी की रविवारी, यावर आकडा बदलतो.